सुतळी

सड्यावर भेग आहे. करंगळी जाईल एवढी.
गेल्या आषाढात नव्हती.
अल्याड एक खुंटी, पल्याड एक,
मधे काथ्याची सुतळी, सैल,
दोन शेजाऱ्यांच्या बोलण्याइतकी सैल.

रोज पहाटे टॉर्च घेऊन चढतो.
वरून खाडीचं तोंड दिसतं, होड्यांचे दिवे दिसतात.
उतरलो की कुणीतरी विचारतंच,
"काय वो हवालदार, मोजलीत का दोरी?"
हसतात. मीही हसतो.

बर्फ मी तिथं शिकलो, पण समजला तो इथं.
तिथं स्नो-स्कूटर चालवायचो,
मागे घसरगाडी, तिच्यावर रॉकेलचे डबे.
सकाळी इंजिनाला स्टोव्हची ऊब द्यायची,
पावसाळ्यात आपण काडेपेटी छातीशी धरतो तशी.
नुर्बू नावाचा हमाल होता. उतारावर
कमरेइतका खड्डा खणायचा,
कापल्या कडेवरून उघडा हात फिरवायचा:
हा परवाचा. हा वाऱ्यानं आणलेला.
हा उन्हानं कडक झालेला.
आणि हा, म्हणायचा, खालचा, साखरेसारखा सुटा,
हा कुणालाच धरत नाही.
वरचं सगळं याच्यावर उभं आहे.

उतार ओलांडायचा तर एकेकानं.
बाकीच्यांनी त्याच्यावरची नजर काढायची नाही.
मधे थांबायचं नाही.
बर्फ 'धप्प' म्हणाला तर मागे.

दौलत घाग मागे फिरला नाही.
स्कूटर रुतली होती, ती काढायला उतरला.
सरकारी माल.
आतल्या खोलीत कुणी भाताचं पोतं टाकावं
तसा आवाज झाला,
आणि उतार निघाला. सगळाच्या सगळा.
आधी अगदी हळू.
त्याच्या छातीवरचं यंत्र बर्फाखालून हाक देत राहिलं.
पंधरा मिनिटांत पोचायला हवं होतं.
एकवीस लागली.

जांभ्याखाली शेडी असते.
चिरेखाणीतल्या कुठल्याही गड्याला विचारा.
पांढरी, मधेच गुलाबी, दिसायला देखणी.
पाणी मुरलं की बोटाला लागते, पायाला धरत नाही.
मी चिवारीची काठी खुपसून पाहिली सड्याच्या कडेला.
हाताला ओळख पटली.

नागपंचमीच्या दुसऱ्या रात्री
तेलाच्या डब्यात दोन वीत पाणी साठलं.
पहाटे सुतळीला बोट लावलं
तर ती वाजली.
खाली पऱ्या गप्प होता. एवढ्या पावसात गप्प.

मग दारं ठोठावली. शिव्या खाल्ल्या.
शाळेची वाट उताराच्या पायथ्यावरून जाते, दुसरी नाही.
एकेकानं, मी ओरडलो, एकेकानं!
बत्ती घेऊन पहिली सुलोचना रेवाळे, काखेत शेळीचं पाडस,
तिच्यामागे तिचा पोरगा, मोठ्यानं पावलं मोजत.
पलीकडे पोचलेला बत्ती हलवी,
मग अलीकडचा निघे.
छत्तीस माणसं. सव्वा तास.
मी वर बघत राहिलो, अंधारात
जिथं काही दिसत नव्हतं तिथं.

दरड आली नाही.

तीन रात्री शाळेत काढल्या, चौथ्या दिवशी ऊन पडलं.
माणसं परत गेली. कुणाचं पीठ आंबलं होतं,
कुणाच्या कोंबड्या मुंगसानं नेल्या.
पड्याळांच्या कारखान्यात बावीस गणपती
ओलेच राहिले, चारांचे हात गळले.
पड्याळ माझ्याशी बोलत नाही.
बरोबर आहे त्याचं. न आलेल्या दरडीचा
पंचनामा कोण करतं?

नवी सुतळी बांधली आहे, थोडी लांब.
भेगेत आता दोन बोटं जातात.
तहसीलला अर्ज दिला, पोच घेतली, पिशवीत घालून ठेवली.

आज वर गेलो तर खुंटीपाशी चिखलात
गमबुटांचे ठसे, डाव्याची टाच फाटलेली.
पड्याळचे. अख्ख्या वाडीला ठाऊक आहेत.
सुतळीला बोट लावून गेला असावा.

पण खालून आला होता, थेट उतारावरून.
सांगायला हवं त्याला,
वळसा घालून ये, बाबा,
भेगेच्या वरच्या अंगानं.